सात दिवस, पाय जमिनीला न लावता

पोळ्याचा पाडवा. सावली गावात दारोदारी खोचलेल्या पळसाच्या डहाळ्या पहाटेच निघाल्या होत्या. मारबत शिवेपार गेली होती आणि तिच्याबरोबर खोकला, ताप, डास, चिलटं अशी सगळी पीडा गावाबाहेर पोचती झाली होती. कोपऱ्यावर बांधलेल्या बैलाच्या शिंगांचा रंग अजून ताजा होता. विदर्भाच्या या झाडीपट्टीत हा दिवस मोकळं होण्याचा. धानाची रोवणी आटोपलेली असते, बांध्यांत पाणी उभं असतं आणि वाकलेल्या पाठींना एक दिवस सरळ व्हायची मुभा मिळते.

साडेसातच्या सुमारास एका सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे सायकली जमायला लागल्या. मी मोजल्या, चौदा भरल्या. निम्म्या मुलींच्या, मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जायला मिळालेल्या. दोन गिअरच्या. चार जुन्या काळ्या, ज्यांच्या नळीवर पूर्वी अख्खं कुटुंब बसायचं. आणि एक बुटकी, वीस इंची चाकांची, जाड टायरची. ती दुकानदाराच्या मुलाची. एका ऑटोत तांदूळ, वांगी, दोन मोठी गंजं, सरपण आणि ताडपत्री चढली. चालकाशेजारी बसले वस्ताद. त्यांच्याच वाढदिवसाची ही सहल, पण सायकलवर ते नव्हते. दोन्ही गुडघे गेलेत.

वस्तादांचं नाव इथे छापलेलं नाही, कारण त्यांनी तसं सांगितलं. शेजारपाजारच्या पाचपन्नास गावांत त्यांना नावाने कोणी ओळखतही नाही. ‘सायकलवाला’ एवढंच पुरे. १९७६ च्या आसपास सुरुवात केल्यापासून बावीस वर्षं ते गावोगाव जाऊन सात-सात दिवस न उतरता सायकल चालवत. आज चाळिशीच्या पुढे असलेल्या विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या माणसाला याहून जास्त ओळख द्यावी लागत नाही. त्याने असा एक तरी सायकलवाला पाहिलेला असतो.

कागदावर त्यांचा जन्म १ जुलैचा. आपल्याकडे एका पिढीतली निम्मी माणसं १ जुलैला जन्मलेली आहेत. मास्तरांनी पोराच्या उंचीवरून वर्ष ठरवायचं आणि तारीख एकच टाकायची. वस्तादांच्या आईला मात्र खरा दिवस ठाऊक होता. मारबत गेली आणि हा आला, असं ती सांगायची. म्हणून दुकानाभोवतीच्या पोरांनी वाढदिवस पाडव्यालाच करायचा ठरवला, यंदा पहिल्यांदाच. “सत्तर वर्साचा झालो असन,” वस्ताद म्हणाले, “एखांदं वर्स इकडं-तिकडं.”

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला तो एका शब्दाचा: चाक. सावलीचं नाव मला आधी सुचलं ते दुसऱ्याच चाकासाठी. हे खादीचं गाव. १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन इथे भरलं, गांधीजी त्यासाठी इथे मुक्कामाला होते आणि चरख्यामुळे सावलीचं नाव देशभर झालं. चरख्यावर लिहायचं म्हणून मी आले. दुकानदाराशी बोलता बोलता त्याने विचारलं, “ताई, आमच्या वस्तादाले भेटल्या का?”

रिंगण

मी सहावीत होते तेव्हा आमच्या गावच्या बाजारात असा खेळ आला होता. मधोमध वासा रोवलेला, त्यावर भोंगा, वाशापासून चहूकडे पताका. भोवती चुन्याने आखलेलं रिंगण आणि त्या रिंगणात फिरणारा माणूस. शाळेत जाताना तो फिरत असे, परतताना फिरत असे. एकदा वडिलांबरोबर रात्री उशिराच्या एस.टी.ने उतरले तेव्हा बाजारात कुत्रंही नव्हतं. एका बल्बच्या उजेडात तो तेवढा फिरत होता, कोणी बघत नसताना. ते दृश्य मी विसरलेले नाही.

तो खेळ उभा कसा राहायचा ते ऑटोच्या मागे सायकल हाणत, थांब्याथांब्यावर मी वस्तादांना विचारत गेले.

हंगाम दिवाळीनंतरचा. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडई भरतात, दंडारी नाचतात, नाटकं लागतात. धान घरात आलेला असतो, हाती पैसा असतो, रात्री कोरड्या असतात. चार-पाच जणांची टोळी बैलगाडीने किंवा एस.टी.च्या टपावर सामान टाकून गावात यायची. वस्ताद, एक जोडीदार, भोंग्याचा माणूस आणि रात्रीच्या रेकॉर्ड डान्ससाठी लुगडं नेसणारा एक पोरगा. आधी सरपंच, मग पोलीस पाटील. परवानगी मिळाली की जागा निवडायची. बाजाराची जागा सगळ्यात चांगली, कारण जमीन दबलेली असते. शाळेचं मैदान दुसऱ्या पसंतीचं. मुरूम असला तर टायर खातो, रेती असली तर चाक धरते.

सातव्या दिवशी उतरताना ज्या हाताने हार घातला जाणार, त्याच हाताने पहिल्या दिवशी नारळ फुटायचा. सरपंचाने कुंकू लावलं की पाय उचलला. तो एकशे अडुसष्ट तासांनी खाली.

दिवसभर करायचं काय, हा खरा प्रश्न. नुसतं फिरणारा माणूस लोक अर्धा तास बघतात आणि घरी जातात. म्हणून सगळं जगणंच सायकलवर आणायचं. सकाळी फिरता फिरता दात घासायचे. स्टुलावर ठेवलेली बादली चालत्या सायकलवरून उचलून डोक्यावर ओतायची. छोटा आरसा मुठीला बांधून दाढी करायची. सदरा बदलायचा, आणि तो बदलताना दोन्ही हात सुटलेले. बाया कडेवर लेकरं घेऊन दाढीच्या वेळेला यायच्या. “सायकलच्या कसरती नवऱ्याले दाखवा, अन दाढी बायकोले,” हे त्यांचं धंद्यातलं सूत्र होतं. ओळखीच्या कामात अनोळखी अडचण आली की बघणाऱ्याचा जीव त्यात गुंततो, एवढं नेमकं त्यांना कळलं होतं.

खऱ्या कसरती संध्याकाळी. सीटवर उभं राहणं, मुठींवर उलटं बसणं, जमिनीवरची नोट वाकून दाताने उचलणं, गावातली सहा पोरं अंगाखांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारणं. पाठीवर ट्यूबलाईट फोडणं हा शेवटचा प्रकार. त्याला कौशल्य लागत नाही, असं वस्तादांचं मत. “ते लोकाईसाठी होतं. माह्यासाठी नाई.” जोडीदार एक रात्र स्वतःला गाडून घ्यायचा. एका गावात त्याला बाहेर काढल्यावर बराच वेळ शुद्ध आली नाही. त्या दिवसानंतर वस्तादांनी गाडून घेण्याचा खेळ कायमचा बंद केला.

पैसा भोंग्यातून यायचा. कोणी पाच रुपये दिले की त्याचं नाव, बापाचं नाव, पाड्याचं नाव तीनदा पुकारायचं. ज्याने पाच दिले त्याच्या शेजाऱ्याला अकरा द्यावेच लागत. नोटा सदऱ्याला टाचल्या जात. आणि बायका सुपात धान आणत, पायली, दोन पायली. सात दिवसांचं पोतं-दीड पोतं व्हायचं. परतीला नोटांपेक्षा पोत्याचाच आधार मोठा असे, असं वस्ताद म्हणाले. या भागात मोल शेवटी धानातच मोजलं जातं.

उलटं जाणारं चाक

निम्म्या वाटेवर एकीची साखळी उतरली. सगळे थांबले. वस्ताद ऑटोतून उतरले नाहीत, पण हात पुढे करून सायकल जवळ घेतली, मागचं चाक उचलून एक फिरकी दिली आणि आवाज ऐकला. “छर्रे सुके हायेत,” म्हणाले. मग मला तिथेच त्यांच्या सायकलची गोष्ट मिळाली.

त्यांची सायकल अ‍ॅटलास होती, बावीस इंची फ्रेमची. सोनिपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने आपला शेवटचा मोठा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद केला, नेमका जागतिक सायकल दिनी. वस्तादांना ही बातमी ठाऊक होती. दुकानात कोणीतरी वाचून दाखवली होती.

नव्या सायकलीवरून पहिल्या दिवशीच मडगार्ड, साखळीचं कव्हर, कॅरिअर, स्टँड उतरवायचं. मग सळईचे ब्रेक काढायचे. ब्रेक काढायचे कशाला, असा प्रश्न मला पडला. उत्तर साधं होतं. सळई असेपर्यंत मुठी गर्रकन पूर्ण फिरत नाहीत. मुठी फिरल्या नाहीत तर पुढचं चाक उलटं करून चालवता येत नाही.

मोठं काम मागच्या चाकात. आपल्या सायकलीला फ्रीव्हील असतं, म्हणून उतारावर आपण पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. मागे पायडल मारलं की नुसती टकटक होते, सायकल मागे येत नाही. वस्तादांनी फ्रीव्हीलच वेल्डिंगने जाम केलं. आता चाक आणि पायडल एकजीव झाले. चाक फिरलं की पाय फिरलाच पाहिजे, पाय थांबला की चाक थांबलंच पाहिजे, आणि पाय उलटा गेला की सायकल उलटी. ब्रेकही तोच. हे त्यांना सर्कशीतून सुटून आलेल्या एका माणसाने दाखवलं. मराठी मुलखाला सर्कस नवी नाही. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि पुढे मराठी सर्कसवाल्यांचे तंबू देशोदेशी गेले. त्या तंबूंतून गळलेलं शहाणपण असं वेल्डिंगच्या दुकानांपर्यंत झिरपत आलं असणार.

मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस, हा जुन्या काळ्या सायकलींचा हिशेब. सहा पोरांचं ओझं मागच्या चाकावर येतं म्हणून वस्ताद दर गावाआधी स्वतः आऊट काढायचे. एकेक तार बोटाने छेडायची आणि सूर ऐकायचा. सैल तार बद्द वाजते. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवायची, म्हणजे टायर जमिनीला धरून राहतो. पंक्चर झालं तर? जोडीदार दुसरी सायकल घेऊन शेजारून पळायचा आणि वस्ताद चालत्या सायकलवरून चालत्या सायकलवर जायचे. लोक त्याला कसरत समजून टाळ्या वाजवत. ती दुरुस्ती होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. दर दोन तासांनी रिंगणाची दिशा बदलायची. एकाच बाजूला फिरत राहिलं की आतल्या बाजूचा गुडघा भरतो, मान अवघडते आणि तिसऱ्या दिवशी सरळ रस्ताही वाकडा दिसतो. त्यासाठी रिंगणात मधूनमधून आठाचा आकडा काढायचा.

सावकाश चालवणं हे भरधाव चालवण्यापेक्षा अवघड असतं, हे सायकल शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सायकल ज्या बाजूला पडते त्याच बाजूला मूठ वळवून आपण चाकं पुन्हा अंगाखाली आणतो. वेग असला तर जरासं वळवणं पुरतं, वेग कमी झाला की मूठ मोठी वळवावी लागते. सायकल मुळात तोल का सांभाळते याचं पुरतं उत्तर शास्त्रज्ञांनाही सहज मिळालेलं नाही. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती उभी राहते, असं पुष्कळ वर्षं सांगितलं जाई. २०११ मध्ये संशोधकांनी तो गुणच काढून टाकलेली एक सायकल बनवली, तरीही ती एकटी धावली. वस्ताद सात दिवस चालण्याच्या वेगाने फिरत होते, म्हणजे तोलाच्या सगळ्यात कठीण जागेवर राहत होते.

रात्री दोन ते चार

असोलामेंढा तलावाच्या वाटेवर जंगल सुरू झालं तसे पुढचे मागच्यांसाठी थांबले. सगळ्यांनी जवळजवळ राहायचं, घंट्या वाजवत राहायचं. हा वाघाचा मुलूख, इथे तो ताडोबाच्या रेघेत राहत नाही. परत फिरायची वेळही सकाळीच ठरली होती: काहीही झालं तरी पाचच्या आत गावात.

घंट्यांच्या त्या आवाजात मी वस्तादांना झोपेचं विचारलं. संशय मलाही होता. आमच्या गावात तेव्हाच बोललं जायचं की रात्री सगळे झोपले की तो उतरतो.

“खोटं काहून सांगू,” ते म्हणाले. “झोप येतेच. पयल्या रात्री येत नाई, दुसऱ्या रात्री मारते. तिसऱ्या रात्री मानूस दिसाले लागते समोर, नसलेला. मी माह्या मेलेल्या बापाले रिंगनात उभा पाह्यलो. तो सरकेच ना. मी त्याच्या बाजूनं सायकल काढत होतो.”

रात्री दोन ते चार जोडीदार सीट धरून बरोबर चालायचा. वस्ताद मुठीवर हातांची घडी घालून त्यावर कपाळ टेकवायचे. पायडल फिरत राहायचं, कारण चाक फिरत होतं. जाम फ्रीव्हीलचा हाही एक उपयोग. “पाय जमिनीले लागला नाई, हे खरं. सायकल मीच चालवली, हे दोन ते चार खरं नाई.” देहधर्मासाठी दोघं धोतराचा आडोसा धरून बरोबर चालत, डबा असे. जेवण दूध, केळी, थोडा गुळभात. डाळ नाही, तिखट नाही.

मला यात फसवणूक दिसत नाही. बोली पाय न टेकवण्याची होती आणि ती पाळली गेली. शिवाय झोपेशी असं झुंजणारे वस्ताद एकटे नव्हते. लंडनमध्ये १८७८ मध्ये सहा दिवसांच्या सायकल शर्यती सुरू झाल्या. सहाच दिवस, कारण रविवारी खेळ वर्ज्य. १८९१ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या भरू लागल्या. एकेकटा माणूस गोल धावपट्टीवर जमेल तितका वेळ फिरत राहायचा आणि तिकीट काढून आलेले लोक त्याला झोपेने कोसळताना बघायचे. त्या सायकलस्वारांनाही नसलेली माणसं दिसत. शेवटी १८९८ मध्ये तिथे कायदा झाला की एका माणसाने दिवसात बारा तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. मग आयोजकांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या, एक चालवेल तेव्हा दुसरा विसावेल. त्या जोडीच्या शर्यतीला आजही ‘मॅडिसन’ म्हणतात आणि ती ऑलिंपिकमध्ये आहे.

सीट धरून चालणाऱ्या जोडीदाराचा विषय वस्तादांच्या बोलण्यात पुनःपुन्हा येतो. तो आता नाही. अकरा वर्षं तो दररोज रात्री दोन तास रिंगणात चालला. त्याला कुणी हार घातला नाही, असं वस्ताद दोनदा म्हणाले.

साठ सेकंद

तलाव भरून सांडव्यावरून वाहत होता. असोलामेंढा हा इंग्रजी अमलातला, शंभर वर्षांहून जुना तलाव. गोसीखुर्द धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी आता याच्यापर्यंत आणलेलं आहे. पण पाडव्याला इथे येणाऱ्यांना सांडव्याच्या आवाजाशी मतलब. आवाज एवढा की शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागतं. आम्ही दूर, मोहाच्या झाडाखाली ताडपत्री टाकली. दगडांची चूल मांडली गेली.

वांगी चिरेपर्यंत दुकानदाराचा मुलगा आपली बुटकी सायकल आणि मोबाईल घेऊन वस्तादांपुढे बसला. ही सायकल म्हणजे बीएमएक्स. तिचा जन्म १९७० च्या आगेमागे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झाला. मोठ्यांच्या मोटरसायकल शर्यती पाहून पोरं आपल्या छोट्या सायकली धुळीच्या टेकाडांवरून उडवायला लागली. त्यातून आधी शर्यत आली, मग नुसत्या कसरती. शर्यत २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिकमध्ये गेली, कसरतींचा फ्रीस्टाइल प्रकार टोकियोत. तिथे ब्रिटनच्या शार्लट वर्दिंग्टनने हवेत मागे कोलांटी घेता घेता स्वतःभोवती पूर्ण गिरकी मारली आणि सुवर्ण जिंकलं. पॅरिसला २०२४ मध्ये अर्जेंटिनाचा होसे तोरेस जिंकला. मुलगा हे सगळं मोबाईलवर दाखवत होता.

वस्तादांनी एक उडी चार वेळा बघितली. चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, काम चाललं होतं. “उडाच्या आंदी सायकल छातीशी ओढते,” ते म्हणाले. “मंग पाय मांगं दाबून मांगचं चाक वर घेते.” मग: “ब्रेक हाये अन मूठ बी फिरते. कसं का?” मुलाने सांगितलं की मुठीखाली एक चकती असते, ब्रेकची तार तिला जोडतात, म्हणून मूठ कितीही फिरली तरी तार पिळत नाही. वस्तादांनी बुटक्या सायकलची मूठ हातात घेऊन जागच्या जागी फिरवून पाहिली. पुन्हा पाहिली. चाक उलटं गेलं तरी पाय थांबून राहतील असा मागचा हबही आता मिळतो, हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या गुडघ्यांचं निम्मं काम त्या एका हबने वाचवलं असतं.

“किती वेळ करतेत?” त्यांनी विचारलं.

“एक मिनिट, आबाजी. साठ सेकंद. मंग दुसऱ्यांदा अजून साठ.”

“साठ सेकंदात सांगून टाका लागते सगळं,” वस्ताद म्हणाले. “कठीन हाये.”

मी दुसऱ्याच उत्तराची वाट बघत होते. सात दिवसांच्या माणसाला साठ सेकंदांचं काय, असं काहीतरी. त्यांनी ती तुलना मनातही आणली नाही. सायकलवर असलेल्या माणसाकडे ते सायकलवाल्याच्या नजरेने बघत होते आणि तो कुठल्या देशाचा, किती वेळाचा, याने त्यांना फरक पडत नव्हता.

पिशवी

जेवणं झाली. भात, वांग्याची भाजी, कोचईच्या पानांच्या वड्या. केक नव्हता. एका बाईने पाटावर बसवून ओवाळलं आणि डोक्यावर अक्षता टाकल्या. मग वस्तादांनी पायजम्याच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. ती माझ्यासाठी आणली होती.

आत दाखले. दर गावचे. उतरायच्या दिवशी सरपंच, मुख्याध्यापक किंवा पोलीस पाटील यांच्याकडून लिहून घ्यायचे, म्हणजे पुढच्या गावात परवानगी सोपी जाते. वहीच्या पानावर, ग्रामपंचायतीच्या कागदावर, एक तर विड्यांच्या कारखान्याच्या छापील पावतीच्या पाठीवर. जांभळे शिक्के ओल धरून पसरलेले. भाषा बहुतेक सारखी: सदर इसमाने आमचे गावी सात दिवस व सात रात्री अखंड सायकल चालविली, वर्तणूक चांगली. काहींवर जिल्हा चंद्रपूर, १९८२ नंतरच्या काहींवर गडचिरोली. गावं तीच, जिल्हा बदललेला. एका दाखल्यात मुख्याध्यापकाने आपल्या वळणदार अक्षरात एक वाक्य जास्त लिहिलं होतं, की खेळ चालू असेपर्यंत शाळेतली हजेरी वाढली, कारण मुलं सायकलवाल्याला पाहायला लवकर घरातून निघत.

मोजले तर एकशे त्रेचाळीस दाखले. सगळ्याच गावांनी दिले नाहीत आणि काही उंदरांनी खाल्ले.

इथून मूल तालुक्यातलं सोमनाथ लांब नाही. तिथल्या श्रमसंस्कार छावणीला १९६७ पासून तरुणांच्या पिढ्या येऊन गेल्या. ती सुरू करणाऱ्या बाबा आमट्यांनी १९८५ मध्ये शंभरावर तरुण-तरुणी घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर भारत जोडो यात्रा काढली. पाठीच्या दुखण्यामुळे स्वतः बाबा वाहनात पडून प्रवास करत आणि सायकली पुढे धावत. त्या यात्रेबद्दल लिहिलं गेलं, बोललं गेलं आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षी, सोमनाथच्याच जिल्ह्यात, वस्ताद एका बाजाराच्या जागेत गोल फिरत होते आणि त्याची नोंद या पिशवीत आहे. दुसरीकडे कुठेच नाही.

ज्येष्ठ कलावंतांना शासन मानधन देतं. २०२४ पासून ते महिन्याला ५००० रुपये झालं. झाडीपट्टीतले नाटकवाले, दंडारवाले, कीर्तनकार त्यासाठी अर्ज करतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीला तर आता मानही मिळाला आहे, परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री दिली गेली तेव्हा या सगळ्या पट्ट्यात दिवाळी झाली होती. वस्तादांनी अर्ज आणून घरात ठेवलेला आहे. भरलेला नाही. कलेचा प्रकार लिहायच्या जागेवर ते अडले. नाटक नाही, गाणं नाही, भजन नाही. सर्कस म्हणावं तर तंबू नव्हता. खेळाडू म्हणावं तर शर्यत नव्हती.

मला विचाराल तर त्या जागी लिहायला शब्द आहे. फ्रीस्टाइल. यंत्र स्वतः बदलून घेणं, तोलाच्या कठीण टोकाला राहणं, रोज नवी कसरत बसवणं आणि ती लोकांपुढे करून दाखवणं, या सगळ्याला जगात हाच शब्द आहे आणि त्याला पदकं आहेत. पण तो शब्द सावलीला पोचला तेव्हा वस्तादांचे गुडघे गेले होते. आणि मला हेही वाटतं की आपला शब्द असायला हवा होता. तमाशाला आहे, दंडारीला आहे, खडी गंमतीला आहे. सात दिवसांच्या सायकलीला आपण नाव ठेवलं नाही. आम्ही पाच रुपये टाचले, नाव पुकारून घेतलं आणि घरी गेलो. मी त्यात आहे.

पिशवी परत बांधताना वस्तादांनी एक कागद वर ठेवला. शेवटचा, १९९८ चा. त्यावर सात दिवस नाहीत. चार दिवस व तीन रात्री, असं लिहिलेलं आहे.

“चौथ्या दिवशी गुडघा वाकेच ना,” ते म्हणाले. “मीच उतरलो. सरपंच चांगला होता. म्हने, तीन रात्रीचा लिहून देतो.”

उभी सायकल

परतायला तासभर उरला होता. नववीतली एक मुलगी मघापासून आपली सायकल घेऊन जवळपास घोटाळत होती. तिला काय हवं ते वस्तादांच्या आधी लक्षात आलं. “बस,” ते म्हणाले.

त्यांनी तिला ताडपत्रीच्या वरच्या अंगाला, जिथे जमीन किंचित चढती होती तिथे नेलं. चढाला तोंड करून. पुढचं चाक डावीकडे तिरपं. पायडल आडवे, पुढचा पाय अर्धा दाबलेला. “आता पुढं जाऊ नको अन मांगं येऊ नको.” दाबलं की चाक इंचभर चढतं, ढील दिली की चढामुळे इंचभर मागे येतं. त्या इंचभर जागेत सायकल उभी. मुलगी पहिल्या खेपेला लगेच पडली. दुसऱ्या खेपेलाही. “चाकाकडं नोको पाहू. थो झाड पाह्य.” सातव्या की आठव्या खेपेला चाक थरथरलं आणि थांबलं. वस्ताद मोठ्याने मोजत होते. चारला पाय टेकला.

“चार,” ते म्हणाले. “मले पयल्या दिवशी दोन झाले होते.”

ती परतीच्या वाटेवर प्रत्येक चढाला थांबून करून पाहत होती. दोनदा तिच्यासाठी सगळा ताफा थांबला. जंगलात थांबायचं नाही म्हणून एका काकांनी दटावलं, पण त्यांनीही थांबून पाहिलं.

पावणेपाचला सावलीत शिरलो तेव्हा तान्हा पोळा भरायला लागला होता. नटवलेली पोरं लाकडी नंदी दोरीने ओढत चौकाकडे निघाली होती. बोटाएवढे नंदी, गुडघ्याएवढे नंदी, एक तर ओढायला दोघं लागत एवढा थोरला. सगळ्यांच्या पायांखाली चार-चार लाकडी चाकं. दुकानापुढे ऑटो थांबला आणि वस्ताद हळूहळू खाली उतरले.

एक लहान पोरगा रस्त्याच्या कडेला रडत होता. त्याचा नंदी एका बाजूला ओढला जात होता, सरळ येतच नव्हता. वस्ताद दुकानाच्या पायरीवर बसले. नंदी मांडीवर आडवा घेतला आणि एकेक चाक बोटाने फिरवून पाहिलं. तिसरं चाक अडलं.

“खिळा तिरपा गेला हाये,” ते म्हणाले आणि दुकानदाराकडे न बघताच पक्कडीसाठी हात पुढे केला. खिळा सैल केला, चाकाखालचा वाळका चिखल नखाने काढला, तेलाच्या कुपीचा एक थेंब सोडला. चाक फिरलं. पोराने हात पुढे केले.

“थांब,” वस्ताद म्हणाले आणि चौथं चाक पाहायला घेतलं.